इंजिनाचे आयुष्य आणि आमची काटकसर

दिवाळीच्या फराळाला घरी माणसे जमली की एक प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो. चकलीचा तुकडा मोडता मोडता कुणीतरी म्हणते, "काय हो, तुमचं ते विमान अॅव्हरेज किती देतं?" विचारणाऱ्याचा हेतू थट्टेचा असतो, हे मला ठाऊक आहे. पस्तीस वर्षे बँकेत खातेवह्या सांभाळलेल्या माणसाने रविवारी उठून विमान उडवायला जावे, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात अजून कुणाला नीट पचलेली नाही. मीही हसतो आणि लाडवाची ताटली पुढे सरकवतो.

गेल्या दिवाळीत मात्र माझ्या पुतण्याने जरा निराळा प्रश्न केला. त्याने नुकतीच गाडी घेतली आहे आणि नव्या गाडीवाल्याच्या सगळ्या चिंता त्याला आहेत. तो म्हणाला, "काका, गाडी एका बेताच्या वेगात ठेवली की इंजिन टिकतं म्हणतात. विमानाचं इंजिन किती फेऱ्यांवर ठेवायचं, म्हणजे ते जास्त वर्षं चालेल?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला एके काळी ठाऊक होते. अगदी पक्के ठाऊक होते. ते चुकीचे होते, आणि त्या चुकीची किंमत माझ्यापेक्षा दुसऱ्याच एका घराने मोजली. फराळाच्या वेळी ते सगळे सांगणे झाले नाही, म्हणून आज या जागेत सांगतो.

हौसेचे मूळ १९८२ सालच्या १५ ऑक्टोबरला आहे. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन एका इंजिनाचे छोटे पस मॉथ विमान जुहूला आणले होते. तोच प्रवास वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. मी तेव्हा कॉलेजात होतो. जुहूच्या गर्दीत टाचा उंचावून उभा राहिलो होतो. ते इवलेसे विमान उतरताना पाहिले आणि मनात काहीतरी बसले, ते बसलेच. पुढे नोकरी लागली, संसार झाला, घराचे हप्ते फिटले, आणि चाळिशी उलटल्यावर मी एका फ्लाइंग क्लबात नाव घातले. कुठल्या, ते सांगत नाही. समुद्रावरचा वारा पोचतो अशा ठिकाणचा एक लहानसा क्लब, एवढे पुरे.

क्लबापाशी सेस्ना १७२ जातीचे एक विमान होते. चार माणसांचे, चार सिलिंडरांच्या लायकॉमिंग इंजिनाचे, पुढे एकच पंखा. हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २७०० फेरे घेते आणि पंखा थेट त्यालाच जोडलेला असतो. असल्या इंजिनाला कारखान्याने साधारण २००० तासांची किंवा १२ वर्षांची मुदत घातलेली असते. जे आधी येईल तेव्हा इंजिन पूर्ण उकलायचे, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा जोडायचे. या कामाला काही लाख रुपये लागतात. ते कुठून आणायचे, ही आमच्या क्लबाची कायमची विवंचना.

त्या विवंचनेतून आमच्यात दोन पक्ष पडले. एक पक्ष घाईवाल्यांचा. विमानाचे भाडे घड्याळी तासाने लागत असे. मग २६०० फेऱ्यांवर दामटले की लवकर पोचतो आणि भाडे कमी बसते, हे त्यांचे गणित. दुसरा पक्ष काटकसरवाल्यांचा. इंजिनाची मुदत आमच्या विमानात फेरे मोजणाऱ्या मीटरवरून धरीत आणि तो मीटर फेरे कमी असले की सावकाश सरकतो. तेव्हा २२०० वर चालवा, मीटरही कमी पडेल आणि इंजिनही टिकेल, असे यांचे म्हणणे. माणसाची मते तत्त्वापेक्षा मीटरवर किती अवलंबून असतात, हे मी तिथे पाहिले. टॅक्सीत बसलेला आणि टॅक्सी चालवणारा एकाच रस्त्याकडे निरनिराळ्या नजरेने बघतात, तसाच हा प्रकार.

मी अर्थातच काटकसरवाला. नुसता पक्षात नव्हतो, त्या पक्षाचा हिशेबनीस होतो. मी कागदावर मांडून दाखवले होते की २००० तासांत २४०० च्या गतीने इंजिन २८ कोटी ८० लाख फेरे घेते, आणि २६०० ने ३१ कोटी २० लाख. म्हणजे २ कोटी ४० लाख फेरे फुकट! शिवाय पिस्टन वरखाली फेकला जाताना दांड्यावर पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. २४०० चे २६०० केले की तो सुमारे सतरा टक्क्यांनी चढतो. हा हिशेब चुकीचा नव्हता. बँकेतल्या माणसाचा हिशेब सहसा चुकत नाही. चूक होते ती त्याने कोणत्या गोष्टी वहीत धरल्याच नाहीत, यात.

पहिला धडा मिळाला तो घाटावर.

आमच्याकडे साताऱ्याकडचा एक मुलगा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढण्यासाठी शिकत होता. वडील शेतकरी. त्यांनी जमिनीवर कर्ज काढून मुलाला पाठवले होते. परवान्याला २०० तास उड्डाण लागते आणि त्यातला प्रत्येक तास त्या जमिनीतून येत होता. मुलगा हुशार, अबोल आणि कामसू. मला काका म्हणे. एका रविवारी देशावरून परतताना तो माझ्या शेजारी बसला होता. ६५०० फूट उंची, खाली सह्याद्रीचे कडे, आणि मी माझ्या आवडत्या २२०० वर. मिश्रणाची लाल मूठ पूर्ण आत ढकललेली, म्हणजे पेट्रोल भरपूर. हवेच्या मानाने पेट्रोल कमी केले की इंजिन तापते आणि जळते, ही भीती मला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात घातली होती. ती मी इमानेइतबारे सांभाळली होती.

एकाएकी इंजिन थरथरले. आधी थोडे, मग चांगलेच. समोरची काच हलू लागली. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला असेल म्हणून मी गरम हवेची मूठ ओढली. फरक पडला नाही, उलट थरथर वाढली. खाली उतरण्याजोगी सपाट जागा नजरेत येईना. माझ्या तळहातांना घाम सुटला. तेव्हा तो पोरगा हळूच म्हणाला, "काका, गरम हवा बंद करा. फेरे वाढवून मिश्रण थोडं विरळ करून बघायचं का?"

दुसरे काही सुचत नव्हते, म्हणून केले. २५०० वर नेले आणि लाल मूठ हळूहळू बाहेर घेतली. तीन-चार मिनिटे गेली. मग इंजिनाचा सूर एकदम साफ झाला, खाकरून घसा मोकळा व्हावा तसा. पुढचा सगळा प्रवास आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

उतरल्यावर आमच्या मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढले. मिस्त्री मूळचे कोकणातले, चाळीस वर्षे इंजिनांत हात घातलेला माणूस. त्यांनी एक प्लग माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या टोकाशी राखाडी रंगाचे बारीक मणी चिकटले होते.

"हे शिसं, साहेब," ते म्हणाले. "आपल्या निळ्या पेट्रोलात असतं ते. इंजिन नीट तापलं तर धुराबरोबर बाहेर जातं. तुम्ही त्याला तापूच देत नाही. वर पेट्रोलाचा पूर. मग जाणार कुठं ते?"

"पण मिस्त्री, मी तर जपून चालवतो," मी म्हणालो.

"जपता हो तुम्ही. पण इंजिनाला काय पाहिजे ते कुठं विचारता?"

मग त्यांनी विमानाच्या पुस्तकातला तक्ता उघडला. तो माझ्यापाशी पहिल्या दिवसापासून होता. तो पाहिला तर फेऱ्यांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समुद्रसपाटीपाशी २४०० फेऱ्यांना इंजिन जितकी शक्ती खर्चते, तितकी ८००० फुटांवरच्या विरळ हवेत खर्चत नाही. म्हणून आधी उंची बघायची, बाहेरचे तापमान बघायचे, मग तक्त्यात बोट ठेवून शंभरापैकी किती टक्के शक्ती हवी ते ठरवायचे आणि त्यासमोरचे फेरे घ्यायचे. इंजिन पुष्कळ दिवस चालावे असे वाटत असेल तर कारखान्याचाच सल्ला आहे की नेहमीच्या प्रवासात पासष्ट टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहावे, आणि सिलिंडरच्या माथ्याचे तापमान ४०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २०४ सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइटची आहे, पण मर्यादा म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. माथा अॅल्युमिनियमचा असतो. फार तापला की त्याची ताकद उतरते आणि धूर बाहेर सोडणारी झडप व तिची नळी आधी झिजतात. वैशाखातल्या दुपारी विमान नाक वर करून सरळ चढवले की दहा मिनिटांत जे नुकसान होते, ते पुढे दोन तास हळू चालवून भरून निघत नाही. त्यापेक्षा नाक थोडे खाली ठेवून चढावे, इंजिनाला वारा लागू द्यावा.

आणि पासष्ट टक्क्यांवर मिश्रण विरळ केले तर इंजिन जळत नाही. जळण्याची भीती खरी असते ती भरपूर शक्ती मागताना. बेताच्या शक्तीला मिश्रण विरळ केल्याने प्लग स्वच्छ राहतात आणि पेट्रोल वाचते.

घाईवाल्यांचेही गणित मिस्त्रींनी त्याच तक्त्यावर उलटवले. हवेत वेग थोडा वाढवायचा तर शक्ती फार वाढवावी लागते, घनाच्या प्रमाणात. पासष्टाचे पंचाहत्तर टक्के केले की वेग वाढतो जेमतेम पाच टक्क्यांनी. म्हणजे ४०० किलोमीटर जायला दोन तास लागत असतील तर पाच-सहा मिनिटे वाचतात. त्यासाठी तासाला २८ च्या जागी सुमारे ३२ लिटर पेट्रोल लागते, उष्णता वाढते आणि मुदतीचे काम जवळ येते. उतरल्यावर चहा येईपर्यंत तेवढी मिनिटे आम्ही बाकावर बसून घालवतच होतो.

कमी फेऱ्यांचे माझे प्रेम अगदीच अस्थानी होते असेही नाही. या बाबतीत १९४४ सालची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग त्या साली नागरी सल्लागार म्हणून न्यू गिनीत अमेरिकी लढाऊ विमानांच्या ४७५ व्या गटात गेला होता. ती दोन इंजिनांची लाइटनिंग विमाने. तिथले तरुण वैमानिक मोहिमेवर जाता-येता इंजिने २२०० किंवा त्याहून अधिक फेऱ्यांवर, भरपूर पेट्रोल देत चालवीत. लिंडबर्गने सांगितले की फेरे १६०० पर्यंत खाली आणा, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब वाढवा आणि मिश्रण विरळ करा. पोरे घाबरली. त्यांना वाटले इंजिने जळतील. पण बेचाळीस वर्षांचा हा माणूस त्यांच्याच बरोबर उडून परत येई तेव्हा त्याच्या टाकीत त्यांच्याहून जास्त पेट्रोल उरलेले असे. इंजिने तपासली तर काही बिघडलेले नव्हते. विमानांचा पल्ला चांगलाच वाढला.

कारण साधे आहे. फेरे जास्त, तितके घर्षण जास्त, आणि तेवढे पेट्रोल नुसते इंजिन फिरवण्यातच जाते. मात्र लिंडबर्गच्या विमानात पंख्याची पाती हवी तशी वळवता येत होती. ती सोय म्हणजे मोटारीचे गिअर. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरते आणि काम मात्र पुरेसे करते. आमच्या साध्या पंख्याला गिअर एकच. त्यात फेरे कमी केले म्हणजे काम आणि उष्णता दोन्ही कमी. आणि ज्यांच्या विमानात ही सोय आहे त्यांनीही कारखान्याच्या तक्त्याबाहेर जाऊ नये. लिंडबर्ग कमी फेऱ्यांकडून पुरते काम घेत होता. मी त्यांच्याकडून कामच घेत नव्हतो.

हे सगळे मला पटले. पासष्ट टक्क्यांचा नियम क्लबात मीच मांडला आणि दोन्ही पक्षांनी तो मान्य केला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मोठी चूक यापुढेच झाली, आणि तिच्यावर सही माझी होती.

त्या वर्षी पावसाळा जोराचा लागला. उड्डाणे क्वचितच होणार, मग उगाच तास कशाला खर्च करायचे? १३४० तास झाले होते, ६६० शिल्लक होते. ते जपावेत म्हणून मी समितीत ठराव मांडला की चार महिने विमान हँगरात ठेवावे आणि आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे जमिनीवर इंजिन सुरू करून बंद करावे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, असं नका करू. उघडीप मिळेल तेव्हा तासभर उडवा, नाहीतर कारखान्याच्या पद्धतीनं आत तेल मारून नीट बंद करून ठेवू." त्याला खर्च होता. ठराव माझ्या बाजूने मंजूर झाला.

दिवाळीनंतर पंचवीस-तीस तास विमान उडाले असेल नसेल, तोच तेलाच्या गाळणीत चकचकीत कण सापडले. इंजिन उघडले. या जातीच्या इंजिनात झडपा उघडणारा कॅमचा दांडा वरच्या अंगाला असतो. इंजिन उभे राहिले की त्याच्यावरचे तेल निथळून खाली जाते आणि पोलाद उघडे पडते. त्यात पावसाळी खारी हवा. त्यात आमची ती आठवड्याची पाच-दहा मिनिटे! इंजिन चालले की आत पाण्याची वाफ धरते. तेल पाऊणशे अंश सेल्सिअसच्या वर अर्धा-पाऊण तास राहिले तरच ती उडून जाते. जमिनीवर तेल कधी तेवढे तापत नाही. म्हणजे दर आठवड्याला आम्ही इमानाने आत थोडे थोडे पाणी साठवत होतो. दांड्याला गंजाचे ठिपके पडले आणि पुन्हा उड्डाणे सुरू झाल्यावर त्या ठिपक्यांतून पोलादाचे कपचे निघाले.

जपून ठेवलेले ६६० तास असे गेले. पैसे जमवण्यात, भाग मागवण्यात आणि काम पुरे होण्यात आठ महिने गेले.

त्या मुलाचे वडील एकदा क्लबात आले. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, तिच्यात आमच्यासाठी घरच्या शेंगा. त्यांनी उघड्या इंजिनाकडे बराच वेळ पाहिले. कुणाची चूक, हे त्यांनी विचारले नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, अजून किती दिवस लागतील? हप्ता तर चालू हाय." कर्जाचे हप्ते म्हणजे काय, हे बँकेत जन्म घालवलेल्या मला कुणी समजावून सांगायला नको होते. मी त्यांना काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे.

मुलगा पुढे दुसरीकडे जाऊन शिकला. आता एका कंपनीत वैमानिक आहे आणि दिवाळीला न चुकता फोन करतो. त्याने ती गोष्ट कधी काढली नाही. पण त्या घराचे आठ महिने मी परत करू शकलो नाही, हे दर फोनला मला आठवते.

इंजिन जोडून आले तेव्हा माझा हात पुन्हा सवयीने हळू चालवण्याकडे वळला. नवे आहे, सांभाळून घेऊ! मिस्त्रींनी तिथेही अडवले. नव्याने बांधलेल्या सिलिंडरात पिस्टनच्या कड्या नीट बसायला पहिले काही तास पासष्ट ते पंचाहत्तर टक्क्यांचे भक्कम काम लागते. त्या वेळी लाड केले तर सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा गुळगुळीत थर भाजून बसतो आणि इंजिन जन्मभर तेल पिते. हे ऐकून मला आमच्या ओळखीतली एक-दोन लाडावलेली मुले आठवली, पण ते असो.

त्यानंतर आमचा नियम ठरला तो असा. प्रवासात पासष्ट टक्के, तक्ता पाहून. माथ्याचे तापमान ४०० फॅरनहाइटच्या आत. मिश्रण तेवढ्यापुरते विरळ. आणि पावसाळा असो की नसो, महिन्यातून एकदा तरी निदान तासभर खरेखुरे उड्डाण. तेवढी उघडीप मिळणार नसेल, तर तेल मारून रीतसर बंद.

घरी ही सगळी कथा मी आमच्या सौ.ना सांगितली होती. त्या म्हणाल्या, "यात शिकायला विमान कशाला हवं होतं? सासूबाईंचं शिवणयंत्र तुम्हीच फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंत. त्यांची आठवण म्हणून, खराब होऊ नये म्हणून. काढून बघितलंत कधी?" मी स्टूल घेऊन वर चढलो. चाक हलेना. आईने ते तीस वर्षे रोज चालवले होते. मी सात वर्षे जपले होते.

तेव्हा पुतण्याला माझे उत्तर असे. बाबा रे, तक्ता बघ, पासष्टावर ठेव आणि गाडी नुसती झाकून ठेवू नकोस. यंदा फराळाला आलास की बाकीचे सांगेन. शिवणयंत्र दुरुस्त होऊन आले आहे. तुझ्या काकूने त्यावर पडदे शिवले आहेत, तेही बघून जा.